मराठवाडी बोलीतला रॅप: आवाज बीटच्या मागं का पडतो आणि गाणं बाहेर काढण्याआधी काय काय तपासायचं

परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या पोराचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "आपल्या बोलीत दोन वर्सेस (रॅपची कडवी) लिहिलेत. यूट्यूबवरची 'फ्री' बीट (तयार संगीत) घेऊन फोनवर रेकॉर्ड केलं. गाताना बरोबर वाटतं, पण ऐकताना आवाज बीटच्या एक अक्षर मागं पडतो. शिवाय विहिरीतून बोलल्यासारखं येतं. व्हिडिओ टाकला तर तिसऱ्या दिवशी कॉपीराइटचा दावा आला. मित्र म्हणतात मुंबईच्या हिंदीत लिही, मराठवाडी कोण ऐकणार? काय करू?"

यातलं शेवटचं आधी घेतो, कारण बाकी सगळं दुरुस्त होतं आणि बोली एकदा सोडली की परत आणणं अवघड. सोडू नकोस. हा भावनेचा सल्ला नाही, कारागिरीचा आहे.

मराठवाडीत चालू काळाचं जे रूप आहे, करायलो, जायलो, पेरायलो, ते यमकासाठी तयार सामान आहे. प्रमाण मराठीत "पेरत आहे" म्हटलं की शेवट "आहे"वर येतो आणि प्रत्येक ओळ त्याच खुंट्याला बांधली जाते. "पेरायलो" म्हटलं की तीन अवयवांचं, म्हणजे उच्चारातल्या तीन तुकड्यांचं, यमक हातात येतं. फक्त एक धोका आहे आणि बहुतेक पोरं त्यातच अडकतात. करायलो, बोलायलो, जायलो अशी नुसती शेपटं जुळवली की चार ओळींत ऐकणाऱ्याचा कान विटतो, कारण जुळलेला असतो तो प्रत्यय. धातूही जुळला पाहिजे: पेरायलो आणि हेरायलो, भरायलो आणि मरायलो. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे एका शब्दाला दोन शब्दांनी उत्तर देणं. "हप्ता भरायलो" याच्या समोर "रातच्याला घरा आलो" म्हणून बघ. कागदावर यमक दिसत नाही, तोंडात मात्र "भरायलो" आणि "घरा आलो" एकमेकांवर चपखल बसतात. असं यमक मुंबईच्या हिंदीची नक्कल करून सुचत नाही. ते घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतूनच येतं.

आता मूळ दुखणं: आवाज मागं पडणं.

तू ब्लूटूथचे इअरफोन वापरले असणार. ब्लूटूथमधून बीट कानात पोहोचायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशीर होतो. तू त्या उशिरा आलेल्या बीटवर बरोबर गातोस, म्हणून गाताना काही चुकल्यासारखं वाटत नाही. पण फोन तुझा आवाज खऱ्या वेळेला टिपतो आणि बीटही स्वतःच्या वेळेनं मांडतो. ९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या, बीटमध्ये एका ठोक्याचे चार भाग केले तर एक भाग १६७ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे तुझं "एक अक्षर मागं" हे निदान अगदी बरोबर आहे. यात तालाचा दोष नाही, यंत्राचा उशीर आहे. वायरचे साधे इअरफोन लाव. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी चा जोड मिळतो. मग गाण्याआधी एक तपासणी कर: बीट चालू करून स्नेअरच्या (बीटमधल्या कडक, टाळीसारख्या ड्रमच्या) प्रत्येक ठोक्यावर आठ टाळ्या रेकॉर्ड कर, आणि पडद्यावर लहरी मोठ्या करून टाळी आणि स्नेअर यातलं अंतर बघ. आठही टाळ्या सारख्याच मागं असतील तर दोष यंत्राचा, अख्खा ट्रॅक तेवढा पुढं सरकव. एखादी पुढं, एखादी मागं असेल तर दोष हाताचा, म्हणजे रियाज हवा.

लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) असेल तर बफर बघायचा, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा घेतो ते. रेकॉर्डिंगला १२८ सॅम्पल ठेव. ४८ किलोहर्ट्झवर तो जेमतेम पावणेतीन मिलिसेकंदांचा होतो, कानाला कळत नाही. मिक्सिंगला बसलास की ५१२ किंवा १०२४ कर, नाहीतर जुना लॅपटॉप अडखळतो आणि आवाजात चटचट येते. आणि एका फोनवर बीट वाजवून दुसऱ्यावर आवाज रेकॉर्ड करायचा उद्योग नको. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. सुरुवात जुळवली तरी दोन मिनिटांनी फट दिसायला लागते.

यंत्र निस्तरलं की ओळीकडे यायचं. खरं काम इथं आहे, म्हणून जरा सावकाश.

एका बारमध्ये चार ठोके. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की १६ घरं होतात. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, म्हणजे पाचव्या आणि तेराव्या घरावर पडतो. आता ही ओळ बोटांवर मोज:

सोयाबीन पेरायलो, आभाळाला हेरायलो

सो, या, बीन, पे, राय, लो, आ, भा, ळा, ला, हे, राय, लो. तेरा अवयव झाले. पहिल्या घरापासून सुरू केलं तर शेवटचा "लो" बरोबर तेराव्या घरावर, स्नेअरखाली येतो. पुढची तीन घरं मोकळी राहतात, ९० बीपीएमला अर्धा सेकंद. तेवढ्यात श्वास घेता येतो. ही मोकळी घरं ठेवली नाहीत की काय होतं ते तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईल: सहाव्या-सातव्या बारपासून शब्द गिळले जातात, आठव्याला आवाज बसतो, आणि मग तू तो तुकडा स्वतंत्र रेकॉर्ड करून चिकटवतोस. चिकटवण्यात गैर काही नाही. पण जे एका दमात म्हणता येत नाही ते गणपतीच्या किंवा भीमजयंतीच्या मंचावर उभं राहून कसं म्हणणार?

मोजताना अक्षरं मोजायची नाहीत, उच्चार मोजायचे. "करतात" लिहिताना चार अक्षरं, बोलताना "कर-तात", दोनच. "सोयाबीन" लिहिताना चार, बोलताना तीन. शाळेत शिकलेले लघु-गुरूही इथं उपयोगी आहेत. "राय", "बीन" असे जड अवयव ठोक्यावर ठेवले की ओळ उभी राहते. हलके अवयव ठोक्यावर आले की ती घसरते. वरच्या ओळीत पाचव्या घरावर "राय" आलाय ते बघ.

हे हिशोब आपल्या मुलखाला नवे नाहीत. मोठ्या अभंगाचे चार चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात पडतं. म्हणजे शेवटच्या चरणात मुद्दाम जागा मोकळी सोडलेली आहे. तिथं टाळ वाजतो, टाळकरी श्वास घेतो. गंगाखेडच्या जनाबाई, नरसीचे नामदेव, पैठणच्या एकनाथांचं भारूड, हे सगळं तुझ्या दोन-तीन तासांच्या टप्प्यात घडलेलं आहे. भारूडात एकच माणूस सोंग घेऊन बोलतो, मध्येच लोकांना प्रश्न करतो, उत्तरही स्वतःच देतो. रॅपमध्ये दोन आवाजांची वर्स लिहायची असेल तर एकनाथांची भारुडं वाचायला घे. आंबेडकरी जलशांची सवाल-जवाबाची धाटणीही अशीच कामाची आहे.

गाण्याची लांबी आधी ठरव. ९० बीपीएमला १६ बारची वर्स जवळपास ४३ सेकंदांची होते आणि ८ बारचा हुक (धृपद) २१ सेकंदांचा. चार बार सुरुवात, वर्स, हुक, वर्स, हुक मिळून ५२ बार होतात, म्हणजे दोन मिनिटं १९ सेकंद. पहिल्या गाण्याला एवढं पुरे. तिसरी वर्स लिहिलीच असेल तर तिच्यातल्या चांगल्या चार ओळी पहिल्या दोनांत घाल. रॅपच्या प्रकारांत ड्रिल १४० च्या आसपास असतो. ट्रॅपही कागदावर १३० ते १५०, पण चाल निम्म्या वेगाची, ६५ ते ७५ ची लागते. त्यावर मराठवाडीचे लांब स्वर छान पसरतात. बूम-बॅप ८५ ते ९५. नवख्यानं तिथूनच सुरुवात करावी, कारण तिथं चूक लपत नाही.

आता विहिरीतला आवाज. हा माइकचा दोष नाही, खोलीचा आहे. सिमेंटच्या उघड्या भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजात काही मिलिसेकंदांनी मिसळतो आणि पोकळ वाटतं. हे नंतर कुठल्याही प्लगइननं (आवाज सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरनं) पुरतं निघत नाही. उपाय घरातच आहे. दोन जाड वाकळी दोरीवर टाक, एक पाठीमागं आणि एक बाजूला. पोरं नेहमी माइकच्या मागं गादी लावतात, ते उलटं आहे. बहुतेक माइक पुढून ऐकतात, म्हणजे त्यांना तू आणि तुझ्या मागची भिंत ऐकू येते. म्हणून वाकळ पाठीशी हवी. खोलीच्या अगदी मधोमध किंवा कोपऱ्यात उभा राहू नकोस. अंड्याचे ट्रे भिंतीला ठोकून काही साधत नाही, पुठ्ठा पातळ असतो आणि लवकर पेटतो.

पत्र्याचं घर असेल तर दुपारी रेकॉर्डिंग नको. उन्हानं पत्रा तापून टकटक करतो आणि संध्याकाळी थंड होतानाही करतो. रात्री दहानंतर बरं. पण पावसाळ्यात खिडकी बंदच ठेव, रातकिड्यांचा आवाज नेमका "स", "श" च्या पट्टीत बसतो आणि तो काढायला गेलं की अक्षरांची धार जाते. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना सतत घूं ऐकू येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघ. घूं थांबली तर घराचं अर्थिंग खराब असू शकतं, वायरमनला दाखव.

फोनवरच करायचं असेल तर करता येतं. तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटर अंतर, फोन ओठांच्या जरा वर आणि किंचित तिरका. समोरासमोर धरला की "भ", "फ", "ध" यांची फुंकर थेट आत जाते आणि धप्प असा आवाज येतो. आपल्या भाषेत महाप्राण अक्षरं भरपूर आहेत, त्यामुळे इंग्रजीत रॅप करणाऱ्यापेक्षा आपल्याला ही काळजी जास्त घ्यावी लागते. ॲपमध्ये आवाज आपोआप साफ करण्याची सोय असेल तर ती बंद कर. ती "ह" आणि "घ" मधला श्वासच गोंगाट समजून कापते. बँडलॅब हे रेकॉर्डिंगचं ॲप फुकट आहे, फोनवर आणि ब्राउझरमध्ये दोन्हीकडे चालतं. पहिली पाच-सहा गाणी त्यावर निघू शकतात. पैसे जमले की आधी इंटरफेस आणि साधा डायनॅमिक माइक घे. कंडेन्सर जास्त बारकावे टिपतो हे खरं, पण तो शेजारची गिरणीही टिपतो, शिवाय त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो. न साधलेल्या खोलीत डायनॅमिकच बरा.

पातळी: सर्वात जोराच्या शब्दाला मीटर उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मध्ये राहिला पाहिजे. लाल दिवा लागला की तो तुकडा गेला, परत म्हण. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. मुख्य आवाज झाला की तीच वर्स आणखी दोनदा म्हणून ठेव. हे दुहेरी टेक ओळींच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांवरच वापरायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे, मुख्य आवाजापेक्षा ८ ते १० डीबी खाली. अख्ख्या वर्सवर टाकले की शब्द चिखलात रुततात.

मिक्सिंगमध्ये आधी बीट खाली घे, शिखर उणे ६ डीबीच्या आसपास येईपर्यंत. मग आवाजाला ८० ते १०० हर्ट्झखाली कापून टाक. २०० ते ४०० मध्ये दोन-तीन डीबी कमी केलं की डब्यातला आवाज मोकळा होतो. कंप्रेसर (मोठा आवाज दाबून सगळं समपातळीला आणणारा) ४:१, अटॅक (तो दाबायला लागायची वेळ) ५ ते १० मिलिसेकंद, मोठ्या शब्दांना ४ ते ६ डीबी दाब बसेल एवढाच. बीटमध्ये २ ते ४ किलोहर्ट्झच्या जागी दीड-दोन डीबीचा खळगा कर, आवाज तिथं येऊन बसेल आणि तो वाढवायची गरज उरणार नाही. "चाक", "चहा" मधला दंत्य च आणि "जाड", "जोर" सारखे शब्द ५ ते ८ किलोहर्ट्झला टोचतात, तिथं डी-एसर (अशी टोचणी कमी करणारं साधन) हलका लाव. जास्त लागला तर बोबडेपणा येतो आणि "चार" आणि "सार" यातला फरक पुसला जातो. डिले (परत येणारा आवाज) वेळेत बांध: ९० ला पाव नोट ६६७ मिलिसेकंद, त्याच्या निम्मी ३३३. रिव्हर्ब (घुमारा) सेकंदाच्या आतला. मंदिरासारखा घुमवून रॅप ऐकू येत नाही.

मग ऐकायचं कुठं? महागड्या हेडफोनवर नाही. फोनचा स्पीकर, ऑटोतला स्पीकर आणि शक्य असेल तर मांडवातला डीजेचा बॉक्स, या तीन ठिकाणी. फोनच्या स्पीकरला खोल बेस ऐकवता येत नाही, तिथं ८०८ (खोल बेसचा ठोका) गायबच होतो. त्याला थोडं सॅच्युरेशन (हलकी खरखर) दिलं की वरच्या पट्टीतले स्वर उमटतात आणि बेस असल्याचा भास राहतो. अंतिम फाइल उणे १४ लफ्सच्या (गाण्याचा एकूण जोर मोजायचं माप) जवळपास, शिखर उणे १ डीबी. त्याहून जोरात केलेलं गाणं स्पॉटिफाय-यूट्यूबसारखे मंच स्वतःच खाली आणतात, आणि तोवर ठोक्यांची धार गेलेली असते.

हलगीबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. बीटमध्ये आपला मुलूख ऐकू यावा असं वाटत असेल तर इंटरनेटवरचा "इंडियन ड्रम" नको, वादकाला बोलव. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कनं जे केलं, तबकडीतला नुसत्या ढोलाचा तुकडा पकडून तो लांबवत न्यायचा, तेच हलगीवर करता येतं. रेकॉर्डिंग खोलीत करू नका, हलगी फार कडक वाजते आणि भिंती खवळतात. मोकळ्या शेतात, वारा पडलेला असताना, माइक साधारण एक मीटर लांब, पातळी उणे १२ च्या खाली. कातडं शेकून ताणलेलं असताना आधी टेक घ्या. वीस मिनिटांत ते सैल पडतं आणि सूर उतरतो, मग पहिला आणि शेवटचा टेक जोडता येत नाही. वादकाच्या कानात क्लिक (ठराविक वेगाची टकटक) द्या. त्याला क्लिकची सवय नसेल तर उलट करा: तो वाजवेल त्या वेगाला बीपीएम मोजून बीट नंतर बांधा, जिवंत राहते. सहा मात्रांची चाल असेल तर चारच्या बारमध्ये ती ट्रिपलेट (ठोक्याचे तीन भाग) म्हणून बसते, म्हणजे बारमध्ये १६ ऐवजी १२ घरं, आणि तुझ्या ओळीही त्या मापानं नऊ-दहा अवयवांच्या कराव्या लागतील. हलगी आणि स्नेअर एकाच पट्टीत भांडतात. स्नेअर कमी कर, हलगी नाही. संबळ घेतलास तर त्याचा जाड आवाज किकशी (बीटमधल्या जाड ड्रमशी) आणि बारीक आवाज तुझ्या गळ्याशी टक्कर घेतो, म्हणून तो वर्सखाली नको, हुकला आणि सुरुवातीला ठेव.

वादकाचं नाव श्रेयात घाल, मेहनताना दे आणि एका कागदावर दोघांच्या सह्या कर: कोणत्या गाण्यासाठी वाजवलं, किती पैसे दिले, पुढच्या कमाईत वाटा आहे की नाही. कायद्यानं वादकालाही कलाकार म्हणून हक्क आहेत. हलगी वाजवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या सुपारीवर बोलावून नावाशिवाय घरी पाठवलं गेलंय, रॅपनं तरी ते करू नये.

कॉपीराइटच्या दाव्याकडे येतो. यूट्यूबवर "फ्री बीट" म्हणजे बहुतेक वेळा पैसे न कमावता वापरायला फुकट, आणि तेही निर्मात्याचं नाव देऊन. वर्णनात खाली बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. तुझ्यावर आला तो दावा आहे, स्ट्राइक नाही. दाव्यात जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जातात, चॅनेल शाबूत राहतं. स्ट्राइक वेगळी, ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनेल जाऊ शकतं. तुझ्याकडे परवान्याचा कागद असेल तरच दाव्याला आव्हान दे. समोरच्याला उत्तराला ३० दिवस मिळतात. कागद नसताना आव्हान देऊन आगीत तेल ओतू नकोस.

करायचं असं: त्याच निर्मात्याकडून लीज (अटींवर बीट वापरायचा परवाना) घे. एमपी३ लीज स्वस्त असते, पण मिक्सिंगला वेव्ह हवी, आणि परवडली तर ट्रॅकआउट, म्हणजे किक, स्नेअर, बेस सगळं वेगळं. लीजमध्ये किती स्ट्रीमपर्यंत चालेल याची मर्यादा असते ती वाच. आणि सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथं: गाणं वितरकाकडं (ते सगळ्या ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडं) टाकताना "कंटेंट आयडी" चा, म्हणजे यूट्यूबवर गाणं आपोआप ओळखून दावा लावण्याचा पर्याय येतो, पोरं खूश होऊन तो चालू करतात. तीच बीट आणखी पन्नास जणांनी लीजवर घेतलेली असते. तुझ्या नावानं त्या पन्नास जणांवर दावे जातात, निर्माता चिडतो आणि तुझा परवाना रद्द होतो. लीजच्या बीटवर कंटेंट आयडी बंदच ठेवायचा. बीट पूर्ण तुझी असेल, स्वतः बांधलेली किंवा एक्सक्लुझिव्ह (फक्त तुझ्यासाठी) विकत घेतलेली, तेव्हाच तो चालू कर.

जुनी गाणी उचलण्याचा मोह होणार. हिशोब असा आहे. भारतात शब्द आणि चाल यांचं संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतं आणि ध्वनिमुद्रणाचं प्रकाशनानंतर ६० वर्षं, दोन्ही पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. जनाबाईंच्या ओव्या-अभंग मोकळे आहेत, पण कुणी गायलेली कॅसेट मोकळी नाही. अण्णा भाऊ साठे १९६९ ला गेले, त्यांचे शब्द २०२९ संपेपर्यंत संरक्षित. वामनदादा कर्डक २००४ ला गेले, ते २०६४ पर्यंत. त्यांची ओळ घ्यायची तर वारसांची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. "सगळेच वापरतात" हे उत्तर दावा आल्यावर चालत नाही.

बाहेर काढताना वितरक लागतो, डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, रूटनोट असे बरेच आहेत. काहींची वर्षाची वर्गणी असते आणि ती थांबली की गाणी खाली येतात, हे आधी वाच. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. भाषा "मराठी" निवड, हिंदी नाही, नाहीतर चुकीच्या कानांपुढं जातं. कलाकाराचं नाव प्रत्येक गाण्याला एकच स्पेलिंगनं, एखादं अक्षर बदललं की दोन वेगळी पानं तयार होतात आणि ऐकणारे विभागले जातात. शिव्या असतील तर "एक्सप्लिसिट" ची खूण कर. तारीख किमान तीन आठवडे पुढची दे, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते प्रकाशनाच्या सात दिवस आधी तरी द्यावं लागतं. पैशाबद्दल स्पष्ट सांगायचं तर २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्याचे पैसे निघत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज लागतात. म्हणून पहिल्या वर्षी मोजायचे ते पैसे नाहीत, तर गाणं शेवटपर्यंत किती जणांनी ऐकलं ते.

एखादं लेबल चार पानी करार घेऊन आलं तर घाई नको. कॉपीराइट कायद्यात तुझ्या बाजूची कलमं आहेत. हक्क दिले हे लेखी आणि सहीनिशीच ग्राह्य. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेता येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून तो कुणाला देता येत नाही. आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही ती सोसायटी, १९६९ पासून चालू आहे. शब्द तुझेच आहेत, म्हणजे गीतकार म्हणून तुला तिथं सभासद होता येतं. "सगळे हक्क, कायमचे, जगभर" अशी ओळ दिसली की वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

विषयाचं एक. कुणाचं नाव घेऊन लिहिणार असशील, सरपंच असो की मंत्री, तर प्रत्येक ओळीमागं पुरावा ठेव. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या रॅपरवर राजकीय रॅपवरून अंबरनाथला गुन्हा दाखल झाला होता. म्हणजे गाणं गावातलं असलं तरी पोलीस ठाणं तीन-चारशे किलोमीटरवरचं असू शकतं. याचा अर्थ लिहू नये असा नाही. आरोप करण्यापेक्षा दाखवणं जास्त झोंबतं. ऊसतोडीवर लिहायचं तर "मुकादम चोर आहे" यापेक्षा उचल (आगाऊ पैसे) किती घेतली, नवरा-बायको मिळून "एक कोयता" कसा मोजला जातो, फडावर पाळण्याची दोरी कशाला बांधली, हे सांग. एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला रेल्वे आली होती. "दुष्काळ" हा शब्द न वापरता फक्त त्या गाडीचे डबे मोजले तरी वर्स होते. लातूरच्या क्लासच्या खोलीत सहा पोरं, एक कूलर आणि भिंतीवरचा गुणांचा तक्ता, हेही आपलंच आहे. "गल्ली", "बंटाय" हे दुसऱ्यांच्या वस्तीतले शब्द. तुझ्याकडे तांडा, वाडी, आखाडा, बांध आहे.

आणि कोण ऐकणार म्हणशील, तर बघ: अमरावतीचा रॅपर १०० आरबीएच २०२३ मध्ये एमटीव्ही हसल या रॅप स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात उतरला, पुण्याचा संबाटा मराठीतच रॅप करतो, स्वदेशी या रॅप गटातला एमसी मवाली मुंबईत राहून मराठी सोडत नाही, २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांनी मराठी शब्द महाराष्ट्राबाहेरच्या नाचघरांत नेले. मराठवाडीची जागा त्यात अजून बरीच रिकामी आहे. इथल्या बोलीत औरंगाबादच्या कवी वलीपासूनची दखनी (दख्खनची उर्दू) मिसळलेली आहे, नांदेडकडं तेलुगू शब्द आहेत. एका वर्समध्ये मराठवाडीतून दखनीत आणि परत असं जायचं तर बारच्या मध्ये जाऊ नकोस, हुकच्या आधीच्या शेवटच्या दोन बारांत जा. तिथं बदल ऐकू येतो आणि अर्थ सांडत नाही.

या आठवड्यात एवढंच कर: वायरचे इअरफोन, पाठीमागं वाकळ, आठ टाळ्यांची तपासणी, आणि पहिली वर्स नव्यानं, प्रत्येक बारमध्ये तीन घरं मोकळी सोडून. व्हिडिओ तोवर प्रायव्हेट करून ठेव आणि बीटवाल्याला लीजचा मेल टाक. नव्या टेकमध्ये आठव्या बारला आवाज बसला तर ओळी परत मोज, कुठंतरी चौदा-पंधरा अवयव घुसलेले सापडतील.